केसाएवढी रेघ

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तू कधी दिला नाहीस असं म्हणणार नाही, मीच कधी मागितला नाही. तुझी वहिनी गेली त्यानंतर तू तिचे जुने फोटो पाठवलेस, त्या पाकिटावर गोदामाचा शिक्का होता. तेवढ्यावर काम भागवतो आहे. वर मोठ्या अक्षरात ‘खाजगी’ लिहीन, म्हणजे तिथल्या एखाद्या कारकुनानं कामाचं पत्र समजून फोडू नये. फोन करता आला असता हे मलाही कळतं. दोनदा केलाही. दुसऱ्या वेळी तू तीनदा ‘कोण बोलतंय’ म्हणालास आणि मी ठेवून दिला. नंबर चुकलेला नव्हता, मीच होतो. तोंडानं बोलायला गेलो की मी मूळ गोष्ट सोडून हवापाण्यावर घसरतो, तुला माझी खोड माहीत आहे. कागदावर निदान घसरलेलं दिसतं आणि खोडता येतं.

मी बरा आहे. गुडघे सोडले तर बाकीचा सांगाडा जागेवर आहे. काम अजून करतो, पण निवडून. गच्चीवरच्या टाक्या आणि लांबलचक पाइप सोडून दिले, आता फक्त तुंबलेले संडास घेतो. हसू नकोस. या कामाला कोणी आनंदानं येत नाही, म्हणून मला अजून बोलावतात. घर तसंच आहे, त्याच दोन खोल्या, तोच मागचा नळ. वहिनीची खुर्ची खिडकीशी आहे. तिच्यावर मी धुतलेले कपडे ठेवतो, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. एकट्या माणसाचं घर फार लवकर आवरून होतं रे. एक ताट, एक पेला, एक पातेलं. सकाळी आठला सगळं घासून पालथं घालून झालेलं असतं आणि मग दिवसाला हात कुठून घालावा ते कळत नाही. शनिवारी दुपारी शेवटचं काम केलं की सोमवारी फोन वाजेपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललेलो नसतो. सोमवारी ‘हॅलो’ म्हणायच्या आधी खाकरावं लागतं, इतका आवाज गंजतो. मूलबाळ असतं तर, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मूल वाढवायची हौस माझी तुझ्यावर भागली होती.

आता तुला एका बाईंची गोष्ट सांगतो. कंटाळू नकोस, या पत्राचं मूळ तिथेच आहे. त्या निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या आसपासच्या. चाळीस वर्षं भूगोल शिकवला. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिला फोन आला तेव्हा आवाज असा की मी बसल्या जागी ताठ झालो. पूर्ण वाक्य, आणि वाक्याच्या शेवटी ऐकू येईल असा पूर्णविराम. संडास तुंबला आहे, पाणी काठापर्यंत आलं आहे, आज येणं जमेल का. मी गेलो. घर असं स्वच्छ की माझ्या चपला बाहेर काढताना मला माझ्या पायांची लाज वाटली. भिंतीवर नकाशा नव्हता याचं मला उगाच नवल वाटलं. कपाटाच्या एका फळीवर मात्र पृथ्वीच्या गोलाच्या आकाराचं एक पेन्सिलीचं शार्पनर होतं, लिंबाएवढं, शाळेच्या शेवटच्या वर्गानं दिलेलं.

मी कमोडची स्प्रिंग पिशवीतून काढली आणि बाईंनी बोळात स्टूल ओढून घेतलं. म्हणाल्या, काय करता आहात ते समजावून सांगा, मला अर्धवट कळलेलं आवडत नाही. आता आपल्या धंद्यात कोण विचारतं असं? लोक नाकाला पदर लावून दुसऱ्या खोलीत जातात. मी आधी चाचरलो, मग सुटलो. हे काय तर कमरेएवढी पोकळ नळी, वर फिरवायची मूठ, आतून जाणारी पिळाची तार, तारेच्या टोकाला आकडा. नळीचं खालचं टोक वाकडं आणि त्यावर रबराची टोपी. त्यांनी विचारलं, रबर कशाला. मी म्हटलं, भांडं चिनीमातीचं, तार लोखंडाची. लोखंड नुसतं घासलं तरी भांड्यावर काळी रेघ उठते, आणि आपटलं तर काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून तार आधी पूर्ण वर ओढून घ्यायची, आकडा टोपीच्या आत लपला पाहिजे, मग टोपी अलगद भांड्याच्या तळाशी, वळणाच्या तोंडावर टेकवायची. एका हातानं नळी हलू द्यायची नाही, दुसऱ्या हातानं मूठ फिरवायची. फिरवायची, ढकलायची नाही. ढकललेली तार वळणात दुमडते आणि उलट भांड्यावरच येते. अडली तर अर्धा फेरा मागे, मग पुन्हा पुढे, जशी अवघड माणसाची समजूत घालतात तशी. आकडा कशात तरी रुतला की मुठीला कळतं, ती जड होते, थरथरते. तेव्हा हिसका मारायचा नाही. फिरवत फिरवतच बाहेर घ्यायचं.

बाईंनी विचारलं की त्यांनी सकाळी उकळतं पाणी ओतायचं ठरवलं होतं, ते बरं की वाईट. मी म्हटलं, थंड भांड्यात उकळतं पाणी म्हणजे गार काचेच्या पेल्यात चहा, तडकायला निमित्त हवं. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, खडकांचंही असंच होतं, दिवसा तापतात, नंतर गारठतात आणि फुटतात. मी म्हटलं, असेल. बाबा असते तर त्यांना बाई आवडल्या असत्या. तेही आपल्याला असंच ‘का’ विचारायचे, आणि उत्तर आलं नाही की स्प्रिंग हातातून काढून घ्यायचे. तुला ती लगेच परत मिळायची, माझ्यापेक्षा लवकर. हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही. तुझा हात बाबांच्या हातावर गेला होता. तू मूठ फिरवताना डोळे मिटायचास आणि ओठ हलवायचास, आणि मी त्यावरून तुझी टिंगल करायचो की हा संडासाशी गप्पा मारतो.

त्या दिवशी फळा पुसायचं कापड निघालं. बाई म्हणाल्या, अरेच्चा, हे कसं गेलं. चहा दिला, बिस्किटं दिली. नऊ दिवसांनी परत फोन. या वेळी लोकरीचा गुंडा निघाला, निळ्या रंगाचा, चांगला मुठीएवढा. मी काही बोललो नाही. चहाबरोबर या वेळी थाळीत कापलेलं सफरचंद होतं. त्यांनी मला विचारलं की मी कुठल्या कुठल्या गावी गेलो आहे, आणि मी तीनच नावं सांगू शकलो तर त्यांनी त्या तिन्ही गावांमधल्या नद्यांचं सगळं सांगितलं. परत आठवड्यानं फोन. या वेळी मुठीला जे लागलं ते गोल होतं, आकडा त्याच्यावरून सारखा निसटत होता. अर्धा तास गेला. फिरवायचं, थांबायचं, मागे घ्यायचं. शेवटी बाहेर आलं ते शार्पनर. समुद्रांचा निळा रंग ओला होऊन चकाकत होता. मी मागे वळून फळीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

आता खरं सांगतो. मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. लोकरीचा गुंडा आपल्या पायानं संडासात जात नाही. पण मी का बोलू? ज्या कामाला दहा मिनिटं पुरतात त्याला मी तिथे पाऊण तास लावत होतो. तार जिथे अडायची नाही तिथेही मी अडल्यासारखं करायचो, म्हणजे स्टुलावरून पुढचा प्रश्न येईल. फोन वाजला नाही त्या दिवशी मी रिसीव्हर उचलून बघायचो की लाइन चालू आहे ना. चौसष्ट वर्षांचा माणूस, एका तुंबलेल्या संडासाची वाट बघतो आहे. तू हसला असशील तर हस, मीही हसलो होतो. मग भांडी घासली, एक ताट, एक पेला, आणि हसू कुठे गेलं कळलं नाही.

चौथ्या खेपेला बाईंनी मला आत येऊ दिलं, पण संडासाकडे जाऊ दिलं नाही. खुर्चीवर बसायला सांगितलं. समोर बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं.

“आज काहीही तुंबलेलं नाही. आधी तीन वेळा तुंबलं ते मी तुंबवलं होतं. तुम्हाला खोटं सांगून तीन जिने चढायला लावले. माझं चुकलं.”

बस, एवढंच. रडल्या नाहीत, कारण दिलं नाही, एकटेपणाचं नावसुद्धा काढलं नाही. मी म्हटलं, गुडघ्यांना व्यायाम झाला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की मला कळलं होतं का. मी हो म्हटलं. मग बोलला का नाहीत, असं विचारलं. मी खिडकीकडे बघत राहिलो. त्यांनी थोडा वेळ दिला, जसा अभ्यास न केलेल्या मुलाला देतात, आणि मग चहा ठेवायला उठल्या. ठरलं ते असं की दर गुरुवारी मी पिशवी न घेता यायचं. तेव्हापासून जातो. भांड्याला मात्र तीनही खेपांत एक ओरखडा पडला नाही, हे मी त्यांना टॉर्च मारून दाखवलं. तेवढी ऐट अजून आहे.

घरी आलो. मला सारखं ते वाक्य ऐकू येत होतं, ‘ते मी तुंबवलं होतं.’ किती लहान वाक्य. एका श्वासात मावतं. मी सतरा वर्षं एक तेवढंच वाक्य गिळून बसलो आहे, आणि प्रत्येक वेळी घशापाशी आलं की पाणी पिऊन खाली ढकलतो.

पुढच्या गुरुवारी बाईंनी सहज विचारलं, तुमचं असं कोण आहे. मी म्हटलं, एक भाऊ आहे. तो काय करतो. गोदामात हिशोबनीस आहे. आधीपासून? नाही, आधी माझ्याबरोबर होता, माझ्यापेक्षा चांगला होता. मग सोडलं का? आणि मी, जो वहिनीलाही कधी बोललो नाही, तिथे सगळं बोलून मोकळा झालो. ऐकून घेतल्यावर बाईंनी एकच विचारलं, हे त्याला माहीत आहे का. मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग पत्र लिहा. त्याच्या पुढच्या गुरुवारी दार उघडताच प्रश्न, पत्र लिहिलं? मी थाप मारली, लिहिलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलं, वाचून दाखवा. चाळीस वर्षं न केलेला गृहपाठ ओळखण्यात गेलेली बाई ती, तिच्यापुढे माझं काय चालणार.

तर धाकट्या, पाहुणेघर. तुला ती फिकट हिरवी भांडी आठवत असतील, अकरा खोल्यांत अकरा, मालकाच्या वडिलांनी हौसेनं बसवलेली, आणि तसा रंग नंतर कुठल्याच कंपनीनं काढला नाही. चार नंबरच्या खोलीतलं भांडं तुंबलं होतं. तू त्या दिवशी दुसऱ्या कामावर होतास, मी एकटा गेलो होतो. कमोडच्या स्प्रिंगची रबराची टोपी झिजून फाटली होती, हे मला आठवडाभर माहीत होतं. नवी टोपी दुकानातून आणायची राहिली होती. राहिली म्हणजे आणली नाही. मी तुला म्हणायचो ना, टोपीची स्प्रिंग ही शिकाऊंची काठी आहे, ज्याला हात आहे त्याला टोपी लागत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी ती बाजूला ठेवली आणि गटाराची लांब, उघडी स्प्रिंग घातली. अडली. मागे घ्यायला हवी होती. मी ढकलली. गुडघा भांड्याला टेकवून, अंगाचा भार देऊन ढकलली. घाई कसलीच नव्हती, हे सगळ्यात वाईट. कोणी आजारी नव्हतं, कुठे पोहोचायचं नव्हतं. फक्त ती अडली याचा राग आला होता.

आवाज अगदी बारीक आला. नख तुटावं तसा. मी टॉर्च मारली. वळणाच्या तोंडापासून खाली पायथ्याकडे एक रेघ गेली होती, केसाएवढी. मी अंगठ्यानं पुसली. घाण असेल तर जाईल म्हणून पुसली. गेली नाही.

मी स्प्रिंग गुंडाळली, हात धुतले, मालकाला सांगितलं की उरलेलं काम उद्या होईल. घरी आलो आणि तुला म्हटलं, उद्या चार नंबरला तू जा. सकाळी लवकर उठून टोपीही आणून ठेवली तुझ्यासाठी. तुझ्यावर ढकलायचं असं ठरवून मी पाठवलं नाही. निदान मी स्वतःला असं सांगत आलो. मला वाटलं, धाकट्याचा हात हलका आहे, तो हळूच काढील, भांडं अजून काही वर्षं टिकेल. पण मग मी स्वतः का गेलो नाही? टोपी आणायची आठवण नेमकी त्याच सकाळी का झाली? सतरा वर्षं मी या दोन प्रश्नांभोवती फिरतो आहे आणि दर वेळी थोडा आणखी वाईट माणूस निघतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. मी बोलावण्यावरून आलो तेव्हा भांडं दोन तुकडे होऊन पडलं होतं, पाणी खोलीतल्या गालिच्यापर्यंत गेलं होतं, आणि तू मूठ हातात धरून तसाच उभा होतास, जणू ती सोडली तर आणखी काही फुटेल. मालक, त्यांची बायको, दोन पाहुणे दारात. सगळे माझ्याकडे बघत होते. एकतीस वर्षं एकही भांडं न फोडलेला माणूस म्हणून बघत होते. आणि मी म्हणालो, “मी सांगितलं होतं त्याला, जोर लावू नको म्हणून. ऐकत नाही.” तू वर बघितलंस. पोतं मागून घेतलंस आणि फरशी कोरडी करून दिलीस, कोपऱ्यांसकट.

हे तरी कदाचित त्या वेळेपुरतं पाप म्हणता आलं असतं. लोकांपुढे माणूस घाबरतो. पण घरी येताना रस्त्यात आपण दोघंच होतो. चौकाच्या अलीकडे तू थांबलास आणि विचारलंस, “दादा, मी जोर लावला होता का रे? मला तसं वाटलं नव्हतं.” तू मला जाब विचारत नव्हतास. तुला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तुझ्या हातानं तुला जे सांगितलं होतं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तू माझ्याकडून विचारून घेत होतास. ते वाक्य तेव्हा बोलता आलं असतं. रस्ता रिकामा होता. मी म्हणालो, “लागतो कधीकधी. आपल्याला कळत नाही.”

त्यानंतरचे दोन महिने मी बघत होतो. तू डोळे मिटून काम करणं सोडलंस. साधा नट फिरवायच्या आधी माझ्याकडे बघायचास. हार्डवेअरच्या दुकानापुढे जमणारे तुला फोड्या म्हणायला लागले आणि तू त्यांच्याबरोबर हसायचास. मी एकदाही कोणाचं तोंड धरलं नाही. तू सोडून जातो म्हणालास तेव्हा मी रागावल्याचं सोंग केलं, घरचा धंदा सोडून दुसऱ्याच्या गोदामात चाललास म्हणून बोललो. आतून मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं आठवडाभर टिकलं असेल.

मागच्या सोमवारी मी सांगायला निघालो. आधी पाहुणेघर. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे, मालक वारले, मुलगी दुसरीकडे असते. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जुन्यांपैकी दोघं बाकावर होते. मी उभ्यानंच सांगितलं की पाहुणेघराचं भांडं धाकट्यानं नाही, मी फोडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं विचारलं, कुठलं भांडं? दुसरा म्हणाला, धाकटा म्हणजे फोड्या ना, कसा आहे तो? मी विचारलं, त्याला फोड्या का म्हणता? त्याला आठवेना. म्हणाला, असंच, पहिल्यापासून म्हणतो. भांडं विसरले, गोष्ट विसरले, नाव तेवढं ठेवलं. मी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण अवघडून ऐकलं, जसं म्हाताऱ्याचं ऐकतात. मग दुकानदारानं विषय बदलला. म्हणजे बाई सोडल्या तर ही गोष्ट आता जगात फक्त आपल्या दोघांकडे शिल्लक आहे, आणि त्यातल्या एकाकडे खोटी आहे.

माफी मागायला हे लिहिलं असं समजू नकोस. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग परत मीच सुटेन. लिहिलं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. वहिनी गेली तेव्हा तुम्ही दोघं आलात. तू बाहेर माणसांत बसला होतास आणि तुझी बायको स्वयंपाकघरात पेले विसळत होती. मागचा नळ टपकत होता. मी म्हटलं, धाकट्याला सांग, मिनिटाचं काम आहे. ती म्हणाली, “ते नाही लावायचे हात. आमच्या घरातला गळतो तरी माणूस बोलावतात. म्हणतात, माझ्या हाताला यश नाही.” साध्या आवाजात म्हणाली, जसं एखाद्याला दूध सोसत नाही असं सांगावं. मी ओला पेला हातात घेऊन उभा होतो, तू दहा पावलांवर होतास, आणि मी तेव्हाही गप्प राहिलो. तेव्हापासून दोन वर्षं झाली. म्हणून आता लिहितो, नीट वाच. त्या दिवशी तू जोर लावला नव्हतास. तुझ्या हातानं तुला खरं सांगितलं होतं, खोटं मी सांगितलं. तुझ्या हाताला यश होतं, बाबांच्या हाताला होतं त्याहून जास्त, आणि माझ्या माहितीत ते कुठे गेलेलं नाही. पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण घरातला नळ अजून गळत असेल, तर यापुढे माणूस बोलावू नकोस. आधी तू बघ.

तुझाच,
दादा